खाण माळावर, विष बंदरात: बाल्टिमोरच्या क्रोमाइटचं प्रकरण

अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात, बाल्टिमोर शहराच्या वायव्येला ओविंग्ज मिल्स नावाचं उपनगर आहे. वॉशिंग्टन-बाल्टिमोर पट्ट्यात नोकरीला असलेल्या मराठी मंडळींना हे नाव नवं नाही. तिथून थोडं पुढे गेलं की दाट झाडी अचानक संपते आणि खडकाळ, उघडाबोडका माळ लागतो. त्याचं नाव सोल्जर्स डिलाइट. सुमारे १,९०० एकरांचं हे राखीव क्षेत्र आज राज्य सरकारकडे आहे. पायवाटेने चालत गेलं की कुंपण घातलेलं, जमिनीत तिरकं उतरणारं एक तोंड दिसतं. ही चोएट खाण, क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजाची. १८१८ च्या सुमारास ती सुरू झाली आणि कधी चालू कधी बंद अशी १८८८ पर्यंत रेटली गेली. पहिल्या महायुद्धात परदेशी खनिजाची आवक आटली तेव्हा १९१७ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि युद्ध संपताच कायमची बंद पडली.

सोडून दिलेली धातूची खाण आणि भोवती खुरटलेला माळ, असं चित्र एकत्र दिसलं की पाहणारा दोन्हींची सांगड घालतो: खाणीने जमीन मारली. इथे हा निष्कर्ष साफ चुकतो. माळ उजाड आहे तो खाणीच्या कितीतरी आधीपासून, आणि त्याच्या उजाडपणामुळेच तो जपला जातो. क्रोमाइटने केलेलं खरं नुकसान शोधायचं तर माळ सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, बंदराच्या काठी जावं लागतं. बंद खाणीचा हिशेब खाणीच्या कुंपणाशी थांबवला की काय निसटतं, हे समजायला बाल्टिमोरसारखं प्रकरण नाही. म्हणून ते जरा सविस्तर.

दगड आणि त्यावरची वनस्पती

या माळाखाली सर्पेंटाइन नावाचा खडक आहे. हिरवट, काळपट, हाताला किंचित बुळबुळीत लागणारा. साधारण ५० कोटी वर्षांपूर्वीच्या एका महासागराच्या तळाखालचा हा भाग, भूखंड एकमेकांवर चढताना वर ढकलला गेला आणि पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन त्याचं सर्पेंटाइन झालं. या खडकातून बनणारी माती पातळ असते. तिच्यात मॅग्नेशियम भरमसाट, कॅल्शियम तुटपुंजं, आणि निकेल-क्रोमियम वनस्पतींना झेपणार नाही इतकं. पिकं धरत नाहीत. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनी असल्या जमिनी 'बॅरन्स' म्हणून सोडून दिल्या. त्यांच्या आधी इथले मूळ रहिवासी हरणांच्या शिकारीसाठी हे माळ मुद्दाम पेटवत, त्यामुळे गवत टिकून राही.

याच खडकात क्रोमाइट सापडतं. लोखंड, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचं हे खनिज काळं आणि वजनाला जड असतं, खडबडीत चिनीमातीवर घासलं तर तपकिरी रेघ उमटते. सर्पेंटाइनमध्ये ते कधी शेंगांसारख्या गठ्ठ्यांत असतं, कधी विखुरलेल्या दाण्यांत. आपल्याकडे सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात क्रोमाइटचे लहान साठे आहेत, तेही अशाच जातीच्या, मॅग्नेशियमने भरलेल्या खडकांत. म्हणजे खडक ओळखता आला की खनिज कुठे शोधायचं ते कळतं. ही गोष्ट ज्याने सगळ्यांत आधी व्यवहारात वापरली तो श्रीमंत झाला.

सायडरचं पिंप आणि काळे दगड

क्रोमियम हे मूलद्रव्य १७९७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोकलँ याने वेगळं ओळखलं, सैबेरियातून आलेल्या एका लाल-केशरी खनिजातून. त्याचे क्षार एवढे रंगीत होते की रंग बनवणाऱ्यांनी लगेच त्यावर उडी घातली. क्रोम पिवळा हा झळझळीत रंग बग्ग्यांवर, भिंतींवर, कापडांवर चढला. मागणी होती, कच्चा माल नव्हता.

बाल्टिमोरच्या उत्तरेला बेअर हिल्स नावाच्या सर्पेंटाइन टेकाडांवर १८१० च्या आसपास क्रोमाइट मिळालं. जमीन टायसन कुटुंबाची, क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांची. त्यातला आयझॅक टायसन ज्युनियर (१७९२-१८६१) हा या गोष्टीचा नायक, किंवा निदान मालक. कुटुंबात सांगितली जाणारी हकिगत अशी: १८२७ मध्ये बाल्टिमोरच्या बेलएअर मार्केटात एका शेतकऱ्याची गाडी उभी होती. गाडीत सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या रसाचं पिंप, आणि ते गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना अडकवलेले काळे, जड दगड. टायसनने दगड ओळखले, शेतकऱ्याला विचारलं, आणि माग काढत तो हार्फर्ड काउंटीत जॅरेट्सव्हिलजवळच्या रीड यांच्या शेतावर पोचला. हकिगतीला थोडं तिखटमीठ लागलं असेल, पण पुढचा भाग नोंदीत आहे. क्रोमाइट आणि सर्पेंटाइनचे उजाड पट्टे यांची जोडी टायसनच्या डोक्यात पक्की बसली. मग त्याने घोड्यावरून मेरिलँड ते पेनसिल्व्हेनिया हे पट्टे पालथे घातले आणि जिथे लक्षण दिसलं तिथे जमीन विकत तरी घेतली किंवा खणण्याचे हक्क तरी.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने तो नापीक माळाचे पैसे देणारा वेडा माणूस होता. आपल्याकडेही खडकाळ जमिनीचा भाव असाच ठरतो. ज्याला खाली काय आहे ते माहीत असतं, तो गप्प बसतो.

१८२८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत, ऑक्टोरारो ओढ्याच्या वळणावर, वुड यांच्या शेतात त्याला मोठं घबाड लागलं. वुड माइन नावाने ओळखली जाणारी ही खाण पुढे पन्नास वर्षांहून अधिक चालली, सातशे फुटांहून खोल गेली, आणि तिने सुमारे ९५ हजार टन क्रोमाइट दिलं. अमेरिकेतल्या कुठल्याही एका खाणीच्या मानाने हा आकडा मोठा आहे. जवळच लाइन पिट नावाची दुसरी खाण होती. ती नेमकी मेसन-डिक्सन रेषेवर, म्हणजे मेरिलँड आणि पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवर खोदलेली. गुलामी चालणारं राज्य एका बाजूला आणि ती नसलेलं दुसऱ्या बाजूला, मध्ये खड्डा.

१८२८ ते १८५० या काळात जगात वापरलं जाणारं बहुतेक क्रोमाइट या एका माणसाच्या हातून गेलं. उरलंसुरलं उरल पर्वत, नॉर्वे आणि शेटलंड बेटांतून येई.

ओढ्याची वाळू

खोल खाणींच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, पण सोल्जर्स डिलाइटवर बरंचसं क्रोमाइट मिळालं ते ओढ्यांच्या वाळूतून. खडक झिजतो, सर्पेंटाइन हलका असल्याने वाहून जातो, क्रोमाइट जड असल्याने तळाशी बसतो. सर्पेंटाइनची घनता पाण्याच्या अडीचपट, क्रोमाइटची साडेचारपट. निसर्गाने अर्धं काम केलेलंच असायचं, उरलेलं माणसं करत. ओढ्याचं पाणी चर खणून वळवायचं, ते उताराच्या लाकडी पन्हळीत सोडायचं, वरच्या टोकाला वाळू टाकायची. एक माणूस फावड्याने वाळू सतत वरच्या बाजूला ओढत राहतो. पाणी हलकी वाळू खाली नेतं, काळी वाळू मागे उरते. मग ती उपसून सुकवायची आणि पोत्यांत किंवा पिंपांत भरायची. वाळू धुतलेल्या जागांच्या खुणा आजही पायवाटेशेजारी आहेत. कोणी दाखवून दिल्या नाहीत तर साधा ओहोळ समजून माणूस ओलांडून जातो.

या पद्धतीचं नुकसान काय? ओढ्याचे काठ उकरले गेले, तळ ढवळला गेला, गाळ खाली गेला. रसायन कुठलंच वापरलं नाही. सोनं काढताना वापरतात तसा पारा नाही, सायनाइड नाही. क्रोमाइटमध्ये गंधकही नसतं, त्यामुळे कोळसा किंवा तांब्याच्या बंद खाणींतून झिरपतं तसं आम्लाचं पाणी इथे तयार होत नाही.

माळावर काय उरलं

थोडक्यात सांगायचं तर भोकं उरली. चोएट, वेअर, हॅरिस अशा नावांच्या खाणींचे खड्डे, खचलेली तोंडं, बाजूला टाकलेल्या दगडांचे ढिगारे. माणूस किंवा जनावर पडण्याचा धोका खरा आहे, म्हणून कुंपणं.

खनिजातलं क्रोमियम ज्या रूपात असतं त्याला आपण क्रोमियम-तीन म्हणू. ते स्फटिकाच्या जाळ्यात घट्ट बसलेलं असतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शरीरातही सहजी शिरत नाही. सर्पेंटाइनच्या मातीत मँगेनीजच्या संयुगांमुळे त्यातलं थोडं आपोआप क्रोमियम-सहा या विषारी रूपात बदलू शकतं. जगात काही ठिकाणी विहिरींच्या पाण्यात असं नैसर्गिक क्रोमियम-सहा मिळालंय. म्हणजे माळ अगदी निर्धोक असं मी म्हणणार नाही. पण खाणीने त्यात मोठी भर घातली असं म्हणायलाही आधार नाही.

उलट, माळाला आजचा खरा धोका झाडांचा आहे. शेवटची गुरं गेली, वणवे थांबवले गेले, आणि व्हर्जिनिया पाइन व सीडर माळावर शिरू लागले. त्यांच्या सुया पडून माती जाड होते, सावली होते, आणि उघड्या सर्पेंटाइनवरच जगणाऱ्या वनस्पती मागे हटतात. या माळावर ३९ दुर्मीळ किंवा धोक्यातल्या वनस्पती नोंदलेल्या आहेत. शरदात निळी झालरदार फुलं देणारी फ्रिंज्ड जेन्शियन, आणि १९८८ मध्ये केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत गेलेली गुलाबी फुलांची सँडप्लेन जेरार्डिया या त्यातल्या दोन. त्यामुळे १९९० च्या दशकापासून इथले अधिकारी आणि स्वयंसेवक पाइन तोडतात आणि ठरवून माळ पेटवतात. जंगल तोडणारं वनखातं पाहून फिरायला आलेले लोक गोंधळतात, तक्रारीही करतात.

खाणीच्या वारशाचा अहवाल इथेच संपवला तर निकाल छान लागतो: थोडे खड्डे, जैवविविधता शाबूत, फिरायला सुंदर जागा. असे अहवाल लिहिले जातात, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं.

तुर्कस्तानचं खनिज, बाल्टिमोरची भट्टी

सुरुवातीला टायसनचं खनिज गलबतांतून ब्रिटनला, मुख्यतः ग्लासगोच्या कारखान्यांना जाई. तिथे त्याचं बायक्रोमेट, म्हणजे रंगासाठी लागणारा क्रोमियमचा क्षार होई आणि रंगकाम-छपाईच्या धंद्यासाठी तेच महाग होऊन परत अमेरिकेत येई. कच्चा माल पाठवून पक्का माल विकत घेण्याचा हा धंदा टायसनला पटला नाही. १८४५ मध्ये त्याने बाल्टिमोरच्या बंदराकाठी, फेल्स पॉइंट भागात, ब्लॉक स्ट्रीटवर स्वतःचा क्रोम कारखाना घातला.

तीनच वर्षांनी पासा पलटला. जे. लॉरेन्स स्मिथ नावाचा अमेरिकन रसायनज्ञ ऑटोमन सरकारला कापूस-लागवडीचा सल्ला द्यायला गेला होता. तिथे तो खनिजांच्या नादी लागला आणि १८४८ मध्ये त्याला बुर्साजवळ क्रोमाइटचे मोठे साठे सापडले. पुढल्या काही दशकांत तुर्की खनिजाने बाजार भरला. मेरिलँड-पेनसिल्व्हेनियाच्या खाणी एकेक करत थंडावल्या. वुड माइन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला संपली.

कारखाना मात्र थंडावला नाही. आता त्याच भट्टीत परदेशचं खनिज भाजलं जाऊ लागलं. १९०८ मध्ये तो म्युच्युअल केमिकल कंपनीकडे गेला, १९५४ मध्ये अलाइड केमिकलकडे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नवा, प्रचंड मोठा कारखाना उभा राहिला. १९८५ मध्ये तो बंद झाला. कंपनी पुढे हनीवेलमध्ये विलीन झाली आणि जबाबदारीही तिच्याकडे आली.

म्हणून बंदरातलं विष 'चोएट खाणीचं' आहे असं शब्दशः म्हणता येणार नाही. त्यात तुर्कस्तान आहे, नंतर आफ्रिकाही. पण हा कारखाना बाल्टिमोरच्या काठीच का उभा राहिला, याला शहराभोवतीच्या माळांखेरीज दुसरं कारण नाही. खाण मेली आणि तिने आणलेला धंदा तिच्यानंतर शंभर वर्षं जगला.

भाजणं

क्रोमाइटपासून क्रोमेट करायचं तर आधी खनिज दळायचं, त्यात सोडा किंवा पोटॅश आणि चुना मिसळायचा, आणि हजार-अकराशे अंश तापमानाला हवेच्या झोतात भाजायचं. ऑक्सिजन मिळताच क्रोमियम-तीनचं क्रोमियम-सहा होतं. ते पाण्यात विरघळतं, म्हणून भाजलेल्या मिश्रणातून पाणी फिरवलं की पिवळंधमक द्रावण हाती येतं. दगडातून न सुटणारी वस्तू पाण्यात सुटणारी करायची, हाच सगळ्या धंद्याचा गाभा. आणि हाच त्याचा दोष.

मागे उरतो तो चोथा. करडा-तपकिरी, चुन्यामुळे अतिशय अल्कधर्मी, आणि त्यात न निघालेलं क्रोमियम काही टक्के. त्यातला काही भाग क्रोमियम-सहा, जो पाऊस किंवा भूजल लागलं की वर्षानुवर्षं झिरपत राहतो. चुना पाणी शोषून फुगत असल्याने हा चोथा ज्या जमिनीखाली भरला असेल ती जमीन उचलली जाते आणि डांबर फाटतं.

पण पाण्याआधी या विषाने माणसं गाठली. १८२७ मध्ये, म्हणजे टायसनला ती गाडी दिसली त्याच साली, ग्लासगोचे डॉक्टर विल्यम क्युमिन यांनी बायक्रोमेटमध्ये हात घालणाऱ्या रंगाऱ्यांच्या कातडीवर पडणाऱ्या खोल व्रणांबद्दल लिहिलं. (त्या लेखाचा पहिला अर्धा भाग चक्क मदारच्या औषधी गुणांवर आहे. मदार म्हणजे आपली रुई.) कारखान्यातली धूळ नाकात गेली की दोन नाकपुड्यांमधला पडदा हळूहळू कुजून त्याला आरपार भोक पडतं. सुरुवातीला नाक गळतं, खपली धरते, मग एक दिवस दुखणंही थांबतं, कारण दुखायला तिथे काही उरलेलं नसतं. क्रोमेट कामगारांत ही गोष्ट इतकी सर्रास होती की ती धंद्याची खूण मानली जाई. ग्लासगोच्या व्हाइट यांच्या कारखान्यातले हाल केअर हार्डी या कामगार नेत्याने १८९९ मध्ये पत्रकं काढून चव्हाट्यावर आणले. मालक लॉर्ड ओव्हरटून रविवारचा विसावा पाळा म्हणून सगळ्यांना उपदेश करणारा, आणि त्याचे कामगार आठवड्याचे सातही दिवस भट्टीपुढे.

कर्करोगाचा संबंध पुढे आला. अमेरिकेतल्या क्रोमेट कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण फार जास्त आहे, हे १९४८ मध्येच छापून आलं होतं. बाल्टिमोरच्या कारखान्याने यात नकोसं पण मोलाचं योगदान दिलं. तिथे हवेतल्या क्रोमियम-सहाची मोजमापं दीर्घकाळ ठेवलेली होती. त्यांच्या आधारे, १९५० ते १९७४ या काळात कामाला लागलेल्या २,३५७ पुरुषांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातले १२२ जण फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले होते, आणि क्रोमियम-सहाचा संपर्क जितका जास्त तितका धोका जास्त, असं दिसत होतं. २००६ मध्ये अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने कारखान्यातल्या हवेत चालणाऱ्या क्रोमियम-सहाची मर्यादा घनमीटरला सुमारे ५२ मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. त्यामागच्या मुख्य पुराव्यांत हा अभ्यास होता. बाल्टिमोरचा कारखाना बंद होऊन तोवर एकवीस वर्षं झाली होती.

चोथा कुठे गेला

चोथा टाकायचा कुठे, हा प्रश्न त्या काळी प्रश्नच वाटला नाही. बंदराचं शहर, काठ वाढवायचा, खोलगट जागा भरायच्या. चोथा फुकट मिळे, दाबला की चांगला बसे. कारखान्याने आपल्याच काठावर तो भरला आणि जमीन पाण्यात पुढे सरकवली. शहराच्या आग्नेयेला डंडॉक मरीन टर्मिनल हा मोठा धक्का आहे, त्याच्याखाली शंभर एकरांहून अधिक जागेत हाच चोथा आहे. तिथलं डांबर फुगून उचललं जातं. २००६ मध्ये राज्य सरकार, बंदर प्रशासन आणि हनीवेल यांच्यात त्याबद्दल न्यायालयीन करार झाला.

त्याच म्युच्युअल कंपनीचा दुसरा कारखाना न्यू जर्सीत जर्सी सिटीला होता. तिथे तर चोथा भर म्हणून घरांच्या, शाळांच्या, रस्त्यांच्या पायाभरणीत गेला. तळघरांच्या भिंतींवर हिरवट-पिवळे स्फटिक फुलू लागले तेव्हा लोकांना कळलं. स्थानिक धार्मिक संघटनांनी एकत्र येऊन लावलेल्या दाव्यात २००३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने हनीवेलला एका जागेवरचा सुमारे १५ लाख टन चोथा खणून काढायचा आदेश दिला, आणि २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला.

बाल्टिमोरला मात्र खणून काढायचं ठरलं नाही, बंदिस्त करायचं ठरलं. कारखाना बंद झाला तेव्हा त्याच्या जमिनीखालून दिवसाला सुमारे ६२ पौंड, म्हणजे २८ किलो क्रोमियम बंदराच्या पाण्यात झिरपत होतं. १९८९ च्या कराराप्रमाणे इमारती पाडल्या, जागेभोवती जमिनीत खोलवर चिकणमातीची भिंत उतरवली, आणि वरून माती, प्लास्टिक आणि खडीच्या थरांचं सुमारे पाच फूट जाड झाकण घातलं. १९९९ पर्यंत हे काम चाललं आणि सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाला.

पण भिंत आणि झाकण पुरत नाही. आतल्या भूजलाची पातळी बाहेरच्या भरती-ओहोटीच्या पाण्यापेक्षा सतत खाली ठेवावी लागते, म्हणजे गळती झालीच तर ती बाहेरून आत होते, आतून बाहेर नाही. त्यासाठी पंप. उपसलेलं पाणी क्रोमियमयुक्त, ते दुसरीकडे नेऊन शुद्ध करावं लागतं. याला शेवटची तारीख नाही. चोथा आत आहे तोवर पंप चालणार.

त्या झाकणावर आता हार्बर पॉइंट नावाची चकचकीत वस्ती उभी राहते आहे. २०१३ मध्ये तिथे एक्सेलॉन या वीज कंपनीच्या मनोऱ्याचा प्रस्ताव आला. शहराने विकासासाठी १०.७ कोटी डॉलरचं कर्जरोखे-साहाय्य मंजूर केलं. मनोऱ्याचे खांब रोवायचे तर झाकण फोडावंच लागणार होतं. शेजारच्या रहिवाशांनी विचारलं की ज्या धुळीपासून आम्हाला वाचवायला झाकण घातलं, तेच फोडताना ती धूळ आमच्याकडे येणार नाही कशावरून. काम लांबलं, हवेतल्या क्रोमियम-सहाच्या मोजणीचे नियम कडक झाले, खांबाभोवतीची प्रत्येक फट पुन्हा सीलबंद करायची अट आली. २०१६ मध्ये मनोरा उघडला.

मला हा उपाय वाईट वाटत नाही. लाखो टन चोथा खणून, ट्रकमध्ये भरून तिसऱ्याच गावात नेणं यातही धूळ आहे आणि तिसरं गाव आहे. पण बंदिस्त करणं म्हणजे साफ करणं नव्हे. कंपनी टिकली, पैसे देती राहिली, म्हणून पंप चालू आहेत. ग्लासगोत व्हाइट यांचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि चोथा आसपासच्या वस्त्यांत गाडलेला राहिला. देणेकरी म्हणून हात धरावा असं कोणी उरलं नाही. तिथला पोलमाडी ओढा २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये चकाकत्या हिरव्या-पिवळ्या रंगाचा होऊन वाहिला.

आपल्या फायलींमध्ये

भारतात बहुतेक क्रोमाइट फेरोक्रोमसाठी, म्हणजे स्टेनलेस स्टीलकडे जातं. तिथली भट्टी ऑक्सिजन काढून घेणारी असते, म्हणून तिथल्या धातुमळीचं गणित वेगळं. क्रोमेट रसायनांकडे जाणारा वाटा लहान आहे, पण उपद्रव त्याचाच मोठा. तमिळनाडूत राणीपेटला तमिळनाडू क्रोमेट्स अँड केमिकल्स या कारखान्याचा दीड-दोन लाख टन चोथा १९९० च्या दशकात कारखाना बंद पडल्यापासून उघड्यावर पडून राहिला, पालार नदीच्या खोऱ्यात. त्या गावात क्रोमाइटची खाण नाही.

आपल्या कायद्यात खाणीसाठी खनिज संवर्धन व विकास नियम, २०१७ आहेत. त्यात खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो, आर्थिक हमी ठेवावी लागते, आणि हे सगळं भाडेपट्ट्याच्या हद्दीपुरतं असतं. खनिज हद्दीबाहेर पडलं की ते माल होतं. भट्टीतला चोथा घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली, दुसऱ्या खात्याकडे, बहुधा दुसऱ्या राज्यात. टायसनच्या बाबतीत माळ, गलबत, भट्टी आणि काठ एकाच माणसाच्या वहीत होते, तरी चोथ्याचं खातं त्या वहीत कधी उघडलं गेलं नाही. आपल्याकडे तर वह्याच दोन आहेत. क्रोमाइटच्या एखाद्या नव्या पट्ट्याची जनसुनावणी असेल तर खड्डा कसा बुजवणार हे विचारालच. त्याबरोबर हेही विचारा की या खनिजातलं किती भाजायला जाणार, कुठल्या गावात, आणि तिथल्या चोथ्याची हमी कोणाच्या नावावर. आजच्या नमुन्यातल्या अर्जात या तिसऱ्या उत्तरासाठी रकाना नाही.